पंचनाम्यातला मोकळा फुटपाथ

ती घटना विसरावी म्हणून मी निवृत्तीनंतर बरेच प्रयत्न केले, पण ती अजूनही जशीच्या तशी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गडचिरोलीच्या जंगलातल्या चौक्यांवर वर्षं काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. ही तर साधी अपघाताची केस होती, आरोपीही सापडला होता, तरी तीच छळते. यात मी कुणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. स्वतःचं नाव लपवायला बाकीच्यांची नावं गाळली, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे.

राजुऱ्याच्या बाजूला, कोळशाच्या खाणींच्या वाटेवर एक तालुक्याचं ठिकाण आहे. तिथे मी ठाणेदार होतो. ठाणं मुख्य रस्त्याला अगदी लागून. दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी काळी भुकटी जमायची. नगर परिषदेने ठाण्यासमोर रंगीत ब्लॉक बसवून फुटपाथ करून दिला तेव्हा गावकरी खूश झाले. आम्ही जास्त खूश झालो, कारण आम्हाला गाड्या लावायला जागा मिळाली.

आमच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जप्त केलेले रेतीचे ट्रॅक्टर, दारू वाहताना पकडलेल्या मोटारसायकली, एक पांढरी कार जिच्या बॉनेटमधून झुडूप उगवलं होतं. कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय या गाड्या हलवता येत नाहीत, आणि हुकूम येईस्तोवर त्या हलण्याच्या लायकीच्या राहत नाहीत. म्हणून सरकारी व्हॅन बाहेर फुटपाथवर. मीच चालकाला सांगितलं होतं, "लाव बाहेर, पोलिसाच्या गाडीला कोण हटकतंय?" खरंच कुणी हटकलं नाही. लोक व्हॅनपाशी आले की मुकाट रस्त्यावर उतरत, दहा-बारा पावलं ट्रकच्या बाजूने चालत आणि व्हॅन संपली की पुन्हा वर चढत. वर्षभर मी हे माझ्या खिडकीतून पाहत होतो. त्याच फुटपाथच्या टोकाला पेरूची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला मात्र आम्ही दर सोमवारी उठवायचो. रहदारीला अडथळा होतो म्हणून.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. हजेरी झाली होती आणि मी ड्यूट्या वाटून देत होतो. बाहेरून ब्रेकचा आवाज आलाच नाही. नुसता काहीतरी आदळल्याचा आवाज आला, मग त्या पेरूवालीची हाक. आम्ही धावत बाहेर गेलो. रस्त्यावर दोन बायका पडल्या होत्या. एक साठीच्या पुढची, एक पंचविशीची. सासू-सून होत्या. सासूला दोन्ही डोळ्यांनी जेमतेम उजेड कळायचा, सून तिला हाताला धरून दवाखान्यात डोळे दाखवायला नेत होती. सुनेचा हात मोडला होता. सासू वाचणार नाही, हे तिच्याकडे पाहूनच मला कळलं होतं. ट्रक न थांबता निघून गेला होता.

व्हॅन समोरच उभी होती. आमच्या पोरांनी दोघींना उचलून तिच्यात ठेवलं आणि चालकाने चार मिनिटांत ग्रामीण रुग्णालय गाठलं. म्हातारी वाटेतच गेली, पण त्या चपळाईचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. वरिष्ठांना फोनवर मी ते आवर्जून सांगितलंही.

दीड तासाने घटनास्थळाचा पंचनामा केला. पंचनाम्याचा नियम सोपा असतो. दोन त्रयस्थ माणसांसमोर जे दिसतं ते लिहायचं, त्यापलीकडचं काही नाही. व्हॅन रुग्णालयात गेलेली, त्यामुळे फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा दिसत होता. मी सांगत गेलो आणि कागदपत्रं सांभाळणारे आमचे रायटर हवालदार लिहीत गेले: "पादचारी मार्ग सुस्थितीत व मोकळा असून मयत ही सदर मार्ग सोडून रस्त्यावरून चालत असल्याचे दिसते." बाजूच्या दोन दुकानदारांनी पंच म्हणून सह्या केल्या. पेरूवालीला विचारलं तर ती म्हणाली, "मी काई पाह्यलं नाई जी," आणि टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली. आम्ही जे पाहिलं तेच लिहिलं होतं. म्हणून तर ती ओळ इतकी पक्की बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणारा माणूस घाबरलेला होता. "साहेब, नाव नका विचारू. माजरीच्या रस्त्याले गॅरेज हाये ना, त्याच्या मांगं एक ट्रक ताडपत्री टाकून ठेवला हाये. डाव्या बाजूचा दिवा नवा टाकून राह्यले." आम्ही तासाभरात पोचलो. दिवा नवा होता, पण त्याच्या खालच्या पत्र्यात साडीचा धागा अडकलेला होता. ड्रायव्हर जवळच्याच वस्तीत घरी झोपलेला सापडला. तीन दिवसांत आरोपी हाती लागला म्हणून वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांचं कात्रण मी घरी नेलं होतं.

आता चौकशीचं सांगतो. ड्रायव्हर चाळिशीचा, त्याच भागातला. अशी माणसं पहिला तासभर 'मी नव्हतोच' म्हणतात आणि मग पाणी मागतात. पाणी मागितलं की समजायचं, आता बोलणार. याने आल्या आल्या पाणी मागितलं आणि सगळं कबूल केलं. धडक दिली, घाबरलो, पळालो. मग म्हणाला, "पन साहेब, तुमची गाडी उभी होती ना जी तिथी. त्या दोघी गाडीच्या आडून एकदमच खाली उतरल्या. मले दिसल्या तवा दोन हाताचं अंतर होतं. पळालो थे माझं चुकलं. पन थ्या रस्त्यावर काऊन आल्या, थे बी लिहा ना."

खोलीत आम्ही तिघं होतो. रायटर हवालदारांचं पेन थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. हवालदारांना एवढंच म्हणालो, "ते राहू द्या. गुन्ह्याशी संबंधित तेवढंच घ्या." आरोपी स्वतःवरचं खापर दुसऱ्यावर फोडतच असतो, हे मी तीस वर्षं ऐकत आलो होतो. मनाशी असंही म्हटलं की त्या दिवशी व्हॅन आवारातच असेल, आपल्याला कुठे नक्की आठवतंय? जे आठवायचं नसतं ते आठवत नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत हे मी बरोबर ओळखायचो.

पुढच्या आठवड्यात मयताचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, कागदांच्या नकला घ्यायला आला. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा कारागीर, गावात नाव असलेलं मुसलमान कुटुंब. आमच्या व्हॅनच्या सीटही त्यानेच शिवून दिल्या होत्या. शांत, अदबीने बोलणारा माणूस. काउंटरपाशी उभं राहूनच त्याने पंचनामा वाचला. एका जागी त्याचं बोट थांबलं. मग तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "साहेब, फुटपाथ मोकळा होता?"

मी म्हणालो, "पंचनाम्यात आहे ते आहे."

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सलाम करून गेला. त्या माणसाने मला एवढीच गोष्ट विचारली होती. 'हो' म्हणालो असतो तर खोटं बोललो असतो, 'नाही' म्हणालो असतो तर खरं. मी कागदाकडे बोट दाखवलं. सरकारी नोकरीत ही सोय फार मोठी असते.

दोन महिन्यांनी रायटर हवालदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "साहेब, त्या अपघाताच्या केसमधली सून आठवते? तिला घरून काढलं. माहेरी सिरोंच्याला आहे. नवरा म्हणतो, आईला दिसत नव्हतं पण हिला तर दिसत होतं. मोकळा फुटपाथ सोडून हिने आईला ट्रकखाली नेलं. गावात तर काय काय चाललंय, कुणी म्हणतं फोनवर बोलत होती, कुणी म्हणतं सासूचा कंटाळा आला होता. चार वर्षांची मुलगी आहे, ती नवऱ्याने ठेवून घेतली."

मी म्हणालो, "घरगुती बाब आहे. आपण काय करणार?"

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी सह्या करायला कागदांचा ढीग आला, त्यात सगळ्यात वर त्यांनी व्हॅनचं लॉगबुक ठेवलं होतं. गाडी कधी, कुठे, किती किलोमीटर फिरली हे चालक रोज लॉगबुकात लिहितो आणि ठाणेदार पानाखाली सही करतो. मी आजवर एकही पान वाचून सही केली नव्हती. त्या दिवशी पान उघडंच ठेवलेलं होतं. चालकाच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: "सकाळी आठ वाजता गाडी धुऊन पो. स्टे. समोर फुटपाथवर उभी केली. दहा वाजून दहा मिनिटांनी सदर ठिकाणाहून दोन जखमी घेऊन ग्रामीण रुग्णालय."

मी पानं मागे उलटत गेलो. जवळजवळ रोज तेच वाक्य. फुटपाथवर उभी केली. फुटपाथवर उभी केली. त्या बिचाऱ्याने काही लपवलं नव्हतं, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं ठाण्यात कुणालाच वाटत नव्हतं. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. इतक्या वर्षांत कित्येक आरोपी त्यांच्याच हस्ताक्षरावरून पकडले होते. मी पाणी मागवलं.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी पुरवणी जबाबासाठी सिरोंच्याला गेलो. आष्टी, आलापल्ली करत पाच-सहा तासांचा रस्ता. तिचे वडील गोदावरीच्या घाटाजवळ मासेमारीची जाळी विकायचे. घरात आम्हाला पाहून आधी सगळे उभे राहिले, शेजारी तेलुगूत काहीतरी कुजबुजू लागले. पोलीस दारात आले म्हणजे मुलीने काहीतरी केलंच असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सुनेचा हात जुळला होता, पण कोपरात नीट वळत नव्हता. ती खाली बघून बोलली.

"आमी नेहमी तिथूनच जात होतो जी. अम्मीचा हात माझ्या हातात राहे. तुमची गाडी आली का मी म्हनत होती, अम्मी, पायरी. तिले सवय झाली होती. मंग ती सावकाश पाय खाली टाके. त्या दिवशी बी मी पायरी म्हनलं. ती उतरली, आन् ट्रक आला."

महिला शिपायाचं लिहिणं थांबलं. मी विचारलं, "हे घरी सांगितलं नाही का?"

"सांगतलं ना. दहादा सांगतलं. ते म्हने, सरकारी कागद काय खोटा हाये? मंग मी काय बोलू? मी त्याइले इतकंच म्हनलं, तुमी ठाण्यात जाऊन इचारा. ते जाऊन आले. त्याच्या बादपासून माझ्याशी बोललेच नाई." मग म्हणाली, "पोरगी तिकडंच हाये. मले बिलगल्याशिवाय ती झोपत नाई जी. कागद तुमी ठेवा साहेब. त्याइले फक्त सांगून द्या, का गाडी होती."

मी म्हणालो, सांगतो.

परतल्यावर मी कामाला लागलो. ड्रायव्हरचा गाळलेला जबाब नव्याने घेतला, लॉगबुकाच्या नकला जोडल्या, चालकाचा जबाब घेतला आणि पंचनाम्याच्या वेळी वाहन हलवलेलं होतं असा खुलासा माझ्या सहीने केस डायरीत लिहून दोषारोपपत्रासोबत पाठवला. पेरूवालीकडे पुन्हा गेलो तेव्हा ती म्हणाली, "तवा बोलली असती तर दुसऱ्या दिवशी माझी टोपली राहिली असती काय?" तिचाही जबाब घेतला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय? आरोपीने गुन्हा कबूल केलाय, केस मजबूत आहे. त्यात आपलीच गाडी कशाला घुसवता?" मी म्हणालो, "साहेब, ती आधीपासूनच तिथे आहे." त्यांनी फाइल मिटली. माझी लगेच बदली झाली, पुढे खात्याची चौकशी होऊन लेखी ताकीदही मिळाली. ड्रायव्हरला शिक्षा झाली, ती पळून गेल्याबद्दल व्हायलाच हवी होती. फुटपाथवर व्हॅन लावल्याबद्दल कायद्याने कुणाला काहीच झालं नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, ठाणेदाराने हिंमत दाखवली. कागदावरची हिंमत जमली, हे खरं. पण त्या नवऱ्याच्या दुकानाची पायरी चढायला मला आणखी पंधरा दिवस लागले. सिरोंच्यात दिलेला शब्द मी रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी बदलीचा हुकूम हातात पडला त्या सकाळी गेलो, साध्या कपड्यांत. तो मशीनवर बसून एका ट्रकची सीट शिवत होता. मी उभ्यानेच सांगितलं. व्हॅन तिथे होती. मी लावायला सांगितली होती. पंचनामा केला तेव्हा ती नव्हती, कारण तीच तुझ्या आईला घेऊन गेली होती. तू विचारलंस तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी बोललो नाही.

त्याने मशीन थांबवलं. मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी तिले काय काय बोललो, तुमाले मालूम नाई साहेब." मग म्हणाला, "तुमी चला माझ्यासोबत. माझ्या एकट्याच्यानं नाई होनार."

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीतून आम्ही सिरोंच्याला गेलो. त्याने मुलीला नवा फ्रॉक घातला होता. ती सगळ्या वाटेभर त्याला विचारत होती, अम्मी कुठी हाये, अम्मी कुठी हाये, आणि तो तिला प्रत्येक वेळी 'आता येते' म्हणत होता. घरापाशी गाडी थांबली तशी मुलगी उतरून पळाली. सून दारात आली, खाली बसली आणि तिने एका हाताने मुलीला छातीशी धरलं. दुसरा हात पूर्ण वळत नव्हता.

नवरा अंगणातच थांबला. मान खाली घालून म्हणाला, "माझं चुकलं. साहेबानं सांगतलं मले. गाडी होती. चल घरी."

तिने वर पाहिलं. रागाने नाही. थकलेल्या माणसासारखं पाहिलं. म्हणाली, "तवा पोलिसानं म्हनलं फुटपाथ मोकळा होता, तर तुमी मानलं. आज पोलीस म्हनते गाडी होती, तर मानलं. मी म्हनत होती तवा काऊन नाई मानलं?"

मी मध्ये काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, बाई, झालं गेलं, लेकराकडे पाहा, असलं काहीतरी. ती मला म्हणाली, "तुमी सांगतलं, तुमचे उपकार हायेत जी. पन मले आता तिथी नाई राहवत." तिच्या वडिलांनी समजावलं, आईने समजावलं. ती मुलीला घेऊन आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. संध्याकाळच्या आत आष्टी गाठायचं म्हणून आम्ही निघालो. मुलीचं नेहमीचं पांघरूण गाडीतच राहिलं होतं, ते तो खाली उतरून दारात ठेवून आला. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बसला होता. त्याच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मी पुढच्या काचेतून रस्त्याकडे पाहत बसलो होतो.

मी असेपर्यंत त्या फुटपाथवर एकही सरकारी गाडी उभी राहिली नाही. नंतर कुणीतरी पुन्हा लावली असेल. गेल्या वर्षी बसने त्या गावावरून जाताना दिसलं, व्हॅन नवी आहे, जागा तीच आहे. एक माणूस शाळेच्या दोन मुलींना घेऊन रस्त्यावर उतरला, व्हॅनला वळसा घालून पुन्हा वर चढला. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. लोक आम्हाला विचारत नाहीत याचा अर्थ आम्ही चुकत नाही असा मी नोकरीभर घेतला. ते घाबरतात म्हणून विचारत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एखाद्या साध्या माणसाने धीर करून एकच प्रश्न विचारला तेव्हा मी त्याच्या तोंडावर कागद धरला. लोकांचे जबाब घेण्यात माझी हयात गेली. मला जबाब द्यायची वेळ आली तेव्हा मी दोन महिने आणि वर पंधरा दिवस उशिरा पोचलो.

जुने सहकारी भेटले की तपास लागलेल्या केसेसच्या गप्पा निघतात. कागदांच्या हिशेबाने ही केसही त्यांतच मोडते. आरोपी तिसऱ्या दिवशी सापडला, गुन्हा कोर्टात शाबित झाला, फाइल बंद झाली. आणि जी बाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, ती आपल्या घरी परत गेली नाही.